भिंतीअलीकडच्या शेंगा

माझ्या वांग्यांना कीड लागली याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वांगी म्हटली की कीड आलीच. शेजारणीच्या वांग्यांना ती लागली नाही, याचं मात्र वाटलं. सकाळी अळीनं पोखरलेले, माना टाकलेले शेंडे खुडताना भिंतीपलीकडं पाहायचं नाही असं मी ठरवायची, आणि पाहायची. तिकडं जांभळी तुकतुकीत वांगी लोंबत असायची, कुणी तेलाचा हात लावून पुसून ठेवल्यासारखी. मग मला चहा गोड लागायचा नाही.

आमची गल्ली पाटोद्याच्या कडेला आहे. पूर्वी तिथं ज्वारीचं रान होतं. प्लॉट पडले, नोकरदारांनी आणि दुकानदारांनी ते घेतले, आणि हळूहळू घरं उभी राहिली. आमचं घर पहिल्या दोन-चारांतलं. आमचे हे तहसीलमध्ये कारकून. घर बांधताना ह्यांनी विचारलं होतं, "मागं अजून एक खोली काढायची का?" मी म्हटलं, "नको, तिथं मला भाजी लावायचीय." ह्यांना वाटलं चार दिवसांची हौस आहे. पोरं शिकून पुण्याला गेली, त्यांची लग्नं झाली, तरी ती हौस काही गेली नाही. थंडीच्या दिवसांत आमच्या घरात बाजारची मेथी कधी आली नाही, हे मी आजही चार बायकांत सांगते. चारांत जमलं तर सहांत.

गल्लीत माझे दोन मान होते. एक म्हणजे, लेकराबाळांची दृष्ट मीच काढायची. तापानं फणफणलेलं पोर असो की दूध टाकणारं तान्हं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन पहिली हाक मला यायची. माझ्या हाताला गुण आहे असं बायका म्हणायच्या आणि मी नको नको म्हणत ऐकून घ्यायची.

दुसरा मान भोगीचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खेंगट करतात. वाल, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, चाकवत, बोरं, ओले शेंगदाणे, जे जे त्या दिवसांत रानात असेल ते सगळं एका पातेल्यात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका वर्षी भोगीच्या तोंडावर आठवडी बाजार भरलाच नाही, तेव्हा गल्लीतल्या बायकांना मी माझ्या परसातली भाजी दिली. पुढच्या वर्षी बाजार भरला होता तरी त्या आल्या. त्यातून रिवाज पडला. भोगीच्या सकाळी बायका ताटं घेऊन माझ्या फाटकाशी यायच्या. ताट रिकामं आणायचं नाही, त्यात चिमूटभर तीळ असायचे. तीळ मी डब्यात ओतून घ्यायची आणि ताटात भाजी घालायची. माझ्या घरच्या भाकरीला लागणारे तीळ सगळ्या गल्लीचे असायचे. असा मान पैसे देऊन मिळत नाही.

मग ही शेजारीण आली.

भिंतीला भिंत लागून असलेला प्लॉट बरीच वर्षं रिकामा होता. तो एका भुसार दुकानदारानं घेतला, घर बांधलं. त्याची बायको दिंद्रुडकडची. हसरी, बोलकी, पदर खोचून कामाला भिडणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला 'काकू' म्हटलं. आमच्यात फार तर आठ-दहा वर्षांचं अंतर असेल. 'ताई' म्हणाली असती तर काही बिघडलं नसतं. पण तिनं काकू म्हटलं, तिचं ऐकून तिच्या बरोबरीच्याही काकू म्हणायला लागल्या, आणि मी बघता बघता गल्लीची काकू झाले.

तिनं परसात वांगी लावली, गाजरं पेरली, आणि भिंतीच्या मुळाशी वालाचं बी टोचलं. ते बी तिनं माहेराहून आणलेलं. शेंगेला दोन्हीकडून जांभळी कड असणारा वाल. असा वाल मी पाहिला नव्हता. मी पाहिला नव्हता हेच आधी मला खटकलं. इतकी वर्षं माती उकरतेय मी, आणि कालच्या मुलीकडं असलेलं बी माझ्याकडं नाही!

तिचं सगळंच वर आलं. माझ्याकडं बोअर आहे, पण त्याचं पाणी मचूळ. पाणी दिलं की मातीवर पांढरी खार चढते आणि गाजरं उंदराच्या शेपटीएवढीच राहतात. तिच्याकडं तर बोअरही नाही, नळाला कधी पाणी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे माझ्यापेक्षा वाईट परिस्थिती. तरी तिचा वाल भिंत चढून वर गेला आणि वरून माझ्या बाजूला उतरला. एखादं पोर शेजारच्या घरात न विचारता शिरावं तसा.

त्या वर्षीच्या भोगीला मी सकाळीच न्हाऊन, विळी-पाट मांडून बसले होते. चाकवत खुडून ठेवला होता, कांद्याची पात बांधून ठेवली होती. बायका गल्लीतून आल्या. हातांत ताटं होती. माझ्या फाटकापुढून गेल्या आणि तिच्या फाटकाशी थांबल्या. तिथून हसण्या-बोलण्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं त्या माझ्याकडं वळल्या. प्रत्येकीचं ताट भरलेलं. जांभळ्या कडेच्या शेंगा, वांगी, बोटभर जाडीची गाजरं. कोपऱ्यावरच्या आत्याबाई, ज्यांना अख्खी गल्ली आत्याबाईच म्हणते, त्या म्हणाल्या, "चाकवत तेवढा दे बाई, बाकी समदं झालं." त्यांच्या ताटात तीळही उरले नव्हते. बोटाला चिकटलेले चार दाणे त्यांनी माझ्या डब्यावर झटकले.

त्या दिवशी आमच्या भाकरीला तीळ दुकानातून आणावे लागले. कुठल्या दुकानातून, ते सांगायला नको.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, पुढच्या भोगीला बायका पुन्हा माझ्या फाटकाशी थांबल्या पाहिजेत. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, आणि मी नवे वाफे आखायला घेतले. पाणी तापवायच्या चुलीतली राख चाळून घेतली आणि जमिनीवर रेघा ओढल्या. एक वाफा स्वयंपाकघराच्या दारापुढं, मेथी-कोथिंबिरीसाठी. एक ह्यांच्या गाडीच्या जागेवर, चाकवताला. आणि सगळ्यात लांबडा वाफा भिंतीच्या कडेनं, जिथं आजवर मी काहीच लावलं नव्हतं. तिथं मी माझा स्वतःचा वाल लावणार होते. पांढराच, पण माझा.

"आन् गाडी कुठं लावू?" ह्यांनी विचारलं.

"रस्त्यावर लावा. गाडीला काय पानं यायची हायत?"

ह्यांनी गाडी काढून रस्त्यावर लावली. संसारात काही वेळा न बोललेलं बरं, हे ह्यांना माझ्या आधी कळलं होतं.

भिंतीवरून माझ्या बाजूला उतरलेल्या वेलाला तोवर शेंगा लागल्या होत्या. घोसच्या घोस. मी वाकून राखेच्या रेघा ओढत होते आणि डोक्यावर त्या लोंबत होत्या. तिनं पलीकडून मान वर काढली. तिकडं बहुतेक ती बादली पालथी घालून उभी राहिली असावी, कारण मीही तशीच बघायची.

"काकू, तुमच्या अंगाला आल्या त्या तुमच्याच. तोडा की."

"आमच्याकडं वाल चालत न्हाई," मी म्हटलं.

"कावून?"

"ह्यांचं पोट धरतं."

संध्याकाळी तिच्याकडून स्टीलचा डबा आला. वालाची भाजी, वर ओलं खोबरं. ह्यांनी डबा उघडला, दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली आणि म्हणाले, "लई चांगली झालीय बरं का. तू कावून करत न्हाईस अशी?" मी धुतलेला डबा परत देताना त्यात गूळ घातला, कारण रिकामा डबा परत देत नाहीत. नाहीतर तो तसाच परत देण्याचं माझ्या मनात फार होतं.

माझ्या बाजूच्या शेंगा मी तोडल्या नाहीत. एकही नाही. भरल्या, फुगल्या, कडेचा जांभळा रंग गडद झाला, मग त्या पिवळ्या पडल्या आणि वाळू लागल्या. येता-जाता त्यांच्याकडं पाहून मला बरं वाटायचं. तिनं दिलेलं मी घेत नाही, हे निदान वेलाला तरी कळलं असेल.

मार्गशीर्षात भिंतीकडेचा वाफा खणायला घेतला. गाडीच्या जागेवरचा वाफा खणताना टिकाव दगडावर आपटल्यासारखा वाजत होता, हाताला फोड आले होते. तशीच तयारी करून मी भिंतीपाशी घाव घातला, आणि टिकाव रुतला. आत काळी, ओलसर, मऊ माती. त्या मातीत गांडुळं. मी तिथं कधी बादलीभर पाणी ओतलं नव्हतं. आणखी उकरलं तर भिंतीखालून आलेली मुळं लागली, बोटाएवढी जाड, पांढरीशुभ्र. ती मुळं सरळ एका दिशेनं गेली होती. मी उकरत उकरत त्यांच्या मागं गेले आणि आमच्या शोषखड्ड्याच्या विटा लागल्या.

घर बांधलं तेव्हा आमच्या मोरीचं पाणी मुरवायला भिंतीलगत खड्डा घेतला होता. घराला ओल लागू नये म्हणून शक्य तितका लांब. विटांचे तुकडे भरले, वर फरशी टाकली, पाईप जोडला. भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं, भाजी-डाळ धुतलेलं सगळं पाणी इतकी वर्षं त्यात जात होतं. "पाणी जिरतं," असं आम्ही म्हणायचो. कुठं जिरतं हे कुणी विचारलं नव्हतं. पलीकडं नुसता रिकामा प्लॉट होता तेव्हा विचारायचं कारणही नव्हतं.

मी मातीत बसले आणि आधी हसले. मग हसू थांबलं. म्हणजे भांडी मी घासायची, धुणं मी धुवायचं, कंबर माझी मोडायची, आणि त्या पाण्यावर हिची वांगी तुकतुकणार. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस! गेल्या भोगीला ताटाताटांतून माझ्यापुढून मिरवत गेलेल्या त्या शेंगा माझ्याच खरकट्यावर पोसल्या होत्या, आणि वर मी बोटाला चिकटलेले चार तीळ घेतले होते.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना पाईप आणायला लावला. मोरीचं पाणी शोषखड्ड्यातून तोडलं आणि स्वयंपाकघरापुढच्या नव्या वाफ्यात सोडलं. मी काही कुणाचं घेतलं नाही. पाणी माझं होतं. आपलं पाणी आपल्या वाफ्यात सोडायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस माझे फार चांगले गेले. सकाळी धुकं असायचं, पानांवर दव असायचं, तेव्हाच माव्याच्या किडीवर राख धुरळायची, म्हणजे ती चिकटून बसते. ऊन वर आलं की मातीची पापडी खुरप्यानं फोडायची. मेथीचे दोन-दोन पानांचे कोंब नव्या वाफ्यात गर्दी करून उभे राहिले. कोथिंबीर मागाहून आली. आणि दुपारी मी बादली पालथी घालून भिंतीवरून बघायची. वालाची पानं उन्हात कलायला लागली. मग संध्याकाळीही सावरेनात. जांभळी फुलं भिंतीच्या तळाशी गळून पडू लागली. भिंतीजवळची वांगी सुरकुतली. मला आनंद झाला. एवढ्या थंडीत अंगात ऊब भरली.

एके दिवशी वेलाला फाटकी चप्पल टांगलेली दिसली. दृष्ट लागू नये म्हणून लोक रानात टांगतात तशी. मला हसू आलं. मग दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या जरा आधी, ती आत्याबाईंना घेऊन माझ्या दारात आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, माज्या येलाला कुणाची तरी लई कडक नजर लागलीय," ती म्हणाली. "फुलं टिकंनात. चप्पल बांदली, काळी बिब्ब्याची माळ बांदली, काय फरक न्हाई. तुमी दृष्ट काडा."

"अगं, दृष्ट माणसांची काढतात," मी म्हटलं.

"जित्याची काडत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "येल काय मेलेला हाय? आन् तुज्या हाताला गुण हाय. चल."

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. चुलीतले निखारे खापरीत घेतले, मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या आणि पहिल्यांदाच तिच्या परसात पाय ठेवला. आजवर मी ते सगळं वरून पाहिलं होतं. खालून ते फार लहान दिसलं. चार वाफे, नीट दगडांनी बांधलेले. वेल जवळून पाहिला. खोडाजवळची पानं करपून कुरकुरीत झाली होती, आणि ती रोज पाण्याची कळशी घालत होती हे मातीवरून दिसत होतं. नळाच्या पाण्यातली एक कळशी म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगायची गरज नाही.

मी वेलावरून मूठ उतरवायला लागले. तिनं वेलाचा शेंडा हातात धरला होता, लेकराचा हात धरावा तसा. तोंडानं नेहमीचं सुरू केलं.

"आल्याची, गेल्याची, वाटंच्या वाटसराची, पाप्याची, चांडाळाची, घरच्याची, दारच्याची..."

यानंतर 'शेजारणीची' येतं. शेकडो वेळा म्हटलेलं. लेकराच्या अंगावरून मूठ फिरवताना ते कधी जिभेला जड गेलं नव्हतं. त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. मी पुन्हा 'घरच्याची, दारच्याची' म्हटलं आणि पुन्हा तिथंच अडले.

तिनं वर पाहिलं. "शेजारणीचं गाळा काकू," ती म्हणाली. "शेजारणीच्याच पान्यावर तर आलाय ह्यो."

माझी मूठ हवेतच राहिली.

"म्हणजे?"

"आता काकू! तुमच्या मोरीचं पाणी हिकडं झिरपतंय की. घराचा पाया खणला तवाच आमाला ओल लागली. म्हणून तर येल हितं लावला. मी समद्यांला सांगते, काकूच्या जिवावर हाय म्हणून."

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "मागल्या भोगीला बी हेच म्हणली. शेंगा काकूच्या पान्याच्या हायत, म्हणली. आमाला वाटलं, तूच पाणी सोडलंस. लई मोठ्या मनाची हायस म्हणलं."

मी मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर दृष्ट होती असं समजतात, आणि उठला तर नव्हती. असा ठसका उठला की आत्याबाई पदर तोंडाला लावून मागं सरल्या. मला इतका खोकला आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, त्याच जपून वापरायच्या नळाच्या पाण्यातलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दृष्ट न्हाई," आत्याबाई खोकत म्हणाल्या. "दुसरंच कायतरी हाय."

दुसरं काय आहे ते मी बोलले नाही. तेवढी मोठ्या मनाची मी नाही.

सकाळी उठून मी स्वतःच पाईप काढला आणि पुन्हा शोषखड्ड्याला जोडला. हे दात घासत उभे होते. "आता काय झालं?" म्हणाले. "माझी मोरी हाय, मी कुठंही सोडीन," मी म्हटलं. नव्या वाफ्यातल्या मेथीला बोअरचं मचूळ पाणी घातलं. ती पिवळी पडायला लागली. मला तिच्याकडं बघवत नव्हतं आणि भिंतीपलीकडंही बघवत नव्हतं, म्हणून त्या दिवसांत मी नुसतं खाली बघून खुरपत राहिले. राग मात्र गेला नव्हता. उलट वाढला होता. तिनं लपवून घेतलं असतं तर माझी बाजू किती भक्कम राहिली असती! ती गल्लीभर माझं नाव घेत फिरत होती, आणि त्यानं माझी बाजूच राहिली नव्हती.

वेल काही सावरला नाही. मुळं एकदा सुकली की सुकली. वरून हिरवा दिसणारा थोडा भाग तेवढा तगला, आणि तोही माझ्या बाजूचा.

भोगीच्या सकाळी मी विळी-पाट मांडले. मनाला बजावलं होतं, कुणी आलं तर द्यायचं, नाही आलं तर आपलं खेंगट आपण करायचं. बायका गल्लीतून आल्या आणि तिच्या फाटकाशी थांबल्या. मी मान खाली घालून चाकवत निवडत राहिले. मग तिचा आवाज आला, "माज्याकडं औंदा काय न्हाई गं बायांनो. चला, काकूकडं चला." आणि सगळ्याजणी माझ्या फाटकातून आत आल्या. सगळ्यांत मागं ती होती, हातात ताट, ताटात तीळ. इतर चिमूट आणतात, तिनं वाटीभर आणले होते.

मला जे हवं होतं ते माझ्या अंगणात उभं होतं. मी चाकवत दिला, कांद्याची पात दिली, बारकी का होईना गाजरं दिली, पिवळ्या मेथीतली त्यातल्या त्यात हिरवी निवडून दिली. "वाल न्हाई व्हय औंदा?" एकीनं विचारलं. वालाशिवाय खेंगट होत नाही. माझ्या पांढऱ्या वालाला अजून वीतभरच उंची होती. मग मी भिंतीपाशी गेले आणि ज्या शेंगांना हंगामभर हात लावला नव्हता, त्यांतल्या अजून हिरव्या होत्या तेवढ्या तोडल्या. प्रत्येकीच्या ताटात चार-चार पडल्या. तिच्याही ताटात टाकल्या, तिच्याच वेलाच्या.

ती भिंतीकडं बघत होती. हिरव्यांच्या वर वाळलेल्या शेंगांचे घोस खडखडत लोंबत होते.

"काकू!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळ्या वळल्या. "तुमी बियाला ठेवल्या व्हय? आन् मला वाटलं तुमी रागावलाव, म्हणून तोडंनात. मी तर एक ठेवली न्हाई, समद्या खाल्ल्या. म्हायेरी बी आता ह्यो येल न्हाई, तितं समदा ऊस झालाय. मला रात्रंदिस तेच लागलं होतं, आता बी कुठनं आणू म्हणून."

"ह्याला म्हणत्यात जुनं माणूस," आत्याबाई सगळ्यांना म्हणाल्या. "पुढचं बगून ठेवतंय."

सगळ्या माझ्याकडं कौतुकानं पाहायला लागल्या. मी परत भिंतीपाशी गेले. वाळक्या शेंगा ओढून काढल्या, पाटावर फोडल्या. काळपट तांबूस बी, पोटाशी पांढरी रेघ. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. तिच्या वाफ्यांत एक पान नीट नव्हतं, ती माझ्या दारात ताट घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला शोधूनही हेवा सापडला नाही. इतकं सगळं माझ्या बाजूला पडूनसुद्धा त्या वेळी मलाच तिचा हेवा वाटला. वालाचा नव्हे, तिच्या त्या चेहऱ्याचा.

निवडताना माझा हात मोठं मोठं बी एका बाजूला सारत होता आणि बारकं दुसऱ्या बाजूला. मोठं माझ्या गुडघ्याकडं, बारकं तिच्या ताटाकडं. हात आपलाच असतो, पण विचारून थोडाच चालतो! तिनं ते पाहिलं.

"व्हय काकू, मोठं तुमीच ठेवा," ती म्हणाली. "तुमच्यात चांगला आला मंजे झालं. येतोच की मग भिंतीवरून माज्याकडं."

मी मोठं बी ओंजळीत घेतलं आणि तिच्याच ताटात टाकलं. जरा आपटूनच टाकलं.